कॉम्प्युटरचे धर्मपिता आणि दीड व्होल्ट

ला पाझ,
कार्निव्हल होऊन गेल्यानंतरचा तिसरा गुरुवार

आदरणीय मदर एस्कोलास्तिका यांस (हे मठातलं नाव तुमच्या मदर सुपीरिअरनं पत्र उघडलंच तर असावं म्हणून; इथून पुढे तू माझी शाळेतली लेओकादियाच),

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की प्रार्थनेला बसताना त्रास होत नाही, उठताना होतो, म्हणून तू बसूनच राहतेस आणि मठात तुझ्या भक्तीचा बोलबाला झाला आहे. होऊ दे. खरं कारण माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. सुक्रेच्या उन्हात ते गुडघे जरा शेकत जा. इकडे मी ठीक आहे. पाऊस अजून हटलेला नाही, जिन्यावरचा पत्रा गळतो, रक्तदाब डॉक्टरांच्या पसंतीला उतरला आहे, आणि काळ्या कपड्यांत मी बारीक दिसते असं सगळ्या गल्लीचं मत आहे. (वर्षभर काळंच घातल्यावर लोकांना दुसरं बोलायला काय उरणार?)

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी एव्हारिस्तोला जाऊन वर्ष होतं. चर्चमध्ये मिसा होईल, जेवण होईल, आणि मग सगळ्यांच्या देखत माझे काळे कपडे उतरवून खांद्यावर रंगीत शाल घालतील. त्या दिवशी मला एक फिल्म दाखवायची आहे, आणि हे सगळं रामायण त्या फिल्मपायी घडलं. (बघ, काय शब्द वापरला मी! तो आमच्या मजल्यावर राहणाऱ्या भारतीय डॉक्टरीणबाईंचा. लांबलेल्या कुठल्याही गोष्टीला त्या हेच म्हणतात, आणि आता आम्ही सगळेच म्हणतो.)

माझा नवरा जन्मभर खांद्यावर कॅमेरा घेऊन लोकांची लग्नं, बारशी, पोरांची पहिली केसकापणी, देवाच्या मिरवणुका टिपत हिंडला. घरात टेपांनी भरलेलं अख्खं कपाट आहे, आणि एकाही टेपमध्ये तो नाही. कसा असणार, तो कॅमेऱ्याच्या मागे! एका ठिकाणी अंगठा दिसतो. एका ठिकाणी आरशात बूट दिसतो. (तो बूट ओळखल्यावर त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.) पण आवाज आहे, लेओ. "सेन्योरा, जरा डावीकडे." "तात्या, केक कलतोय, केक!" "नवरीबाई, रडा, पण इकडे बघून रडा." लोक हसताहेत, नाचताहेत, आणि मधूनच त्याचा हा आवाज. ते सगळे आवाज गोळा करून मी एक फिल्म करते आहे. माणूस न दिसणारी, पण सगळीभर माणूस असलेली.

त्यासाठी कॉम्प्युटर घेतला. दुकानातला तयार नको म्हणून सुटे भाग आणून घरी जोडला. तू हसशील. शाळेत मदर गर्ट्रूडिसनी आपल्याला वीज कशी शिकवली होती आठवतं? "मुलींनो, वीज ही देवानं निर्माण केली आणि ती पुरुष दुरुस्त करतात," एवढं सांगून त्या भरतकामाकडे वळल्या होत्या. तरी मी जोडला. चित्रं पाहून, चष्मा लावून, क्रुसाची खूण करून. टेपांमधलं सगळं त्यात उतरवून घेतलं. जुन्या टेपयंत्रानं एकेक टेप माझ्यापुरती शेवटची वाजवली आणि चावून टाकली, म्हणजे आता जे काही आहे ते या कॉम्प्युटरच्याच पोटात.

आता आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला धर्मपिता हवा. लग्नात केकला वेगळा, बँडला वेगळा, बिअरला वेगळा, मग माझ्या कॉम्प्युटरनं कुणाचं काय घोडं मारलं होतं? मी खालच्या मजल्यावरच्या देमेत्रियोंना विचारलं. ते तुला आठवत असतील, विधुर, विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करतात, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात टोपी घालून बसलेले असतात. एव्हारिस्तोचे मित्र. त्यांनी हे काम इतकं मनावर घेतलं की कॉम्प्युटर रंगीत पट्ट्यांच्या आग्वायोत बाळासारखा गुंडाळून चर्चपर्यंत नेला आणि पाद्रीबाबांकडून पवित्र पाणी मागितलं. पाद्रीबाबांनी दुरूनच, अगदी थोडं, शिंपडलं. (त्यांना यंत्रांतलं कळतं.) त्या दिवसापासून, बाळाची आई आणि त्याचा धर्मपिता एकमेकांना म्हणतात तसं, ते माझे कोंपाद्रे आणि मी त्यांची कोमाद्रे. अख्ख्या गल्लीनं हे नातं मान्य केलं. पाव देणारीसुद्धा मला विचारते, "तुमचे कोंपाद्रे आज दिसले नाहीत?" नातं जुळलं ते जुळलं, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग कार्निव्हलचा मंगळवार आला. घर, दुकान, गाडी, जे काही आपलं आहे त्याच्यावर दारू शिंपडून, रंगीत कागदाच्या टिकल्या आणि फिती उधळून धरणीमातेला, आपल्या पाचामामाला, तिचा वाटा द्यायचा दिवस. कोंपाद्रे वर आले ते सिंगानीची बाटली आणि टिकल्यांची पिशवी घेऊनच. मी म्हटलं, बाहेरून उधळा. ते म्हणाले, "कोमाद्रे, बाहेरून उधळून काय उपयोग? माणसाला आशीर्वाद टोपीवर देतात का?" आणि त्यांनी बाजूचं झाकण उघडलं. दारूचे थेंब बेतानं पाडले हो, कोपऱ्यांत. टिकल्या मात्र मूठभर. नंतर आम्ही त्या फुंकून काढल्या. निदान आम्हाला तसं वाटलं.

आता मुख्य कथा. (हे पत्र दोन पाकिटांत घालावं लागणार असं दिसतंय.) कॉम्प्युटर चाले, पण रांगत चाले. मी इंटरनेटवर एका मंडळीत जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की मेमरीच्या ज्या दोन पट्ट्या मी घेतल्या त्यांच्या डब्यावर एक वेग लिहिलेला असतो, पण त्या आपणहून त्याहून बऱ्याच कमी वेगानं चालतात. सांगितल्याशिवाय पूर्ण धावत नाहीत! मला फार राग आला. आपल्याला नाही का शाळेत असंच ठेवलं होतं? अंगात धावायची ताकद, आणि शिकवण काय, तर व्हरांड्यातून हळू चाला. मी त्याच दिवशी कॉम्प्युटरच्या आतल्या, असे आकडे बदलायच्या निळ्या पानावर गेले आणि मेमरीचा वेग वाढवला. वेग वाढवला की तिला व्होल्टेजही जास्त द्यावा लागतो. आधी १.२ होता, तो १.३५ करायचा. केला. कॉम्प्युटर सुरू झाला, फिल्म पळायला लागली, आणि मला वाटलं, मदर गर्ट्रूडिस, बघताय ना?

तासाभरात स्क्रीन निळा झाला आणि सगळं कोसळलं.

मंडळीतल्या एका माणसानं उत्तर दिलं. सभ्य माणूस, भाषा चांगली. म्हणाला, व्होल्टेजला हात लावू नका, आधी एक पट्टी काढून दुसरी तपासा, मग जागा बदलून तपासा. आणि शेवटी लिहिलं, "आमच्याकडे वाल्पाराइसोत, समुद्रसपाटीला, १.३५ पुरतो." वाल्पाराइसो! चिली! समुद्रसपाटी! आमचा समुद्र घेऊन बसलेल्यांनी आम्हालाच समुद्रसपाटी ऐकवायची? मी त्याला साडेतीन पानांचं उत्तर लिहिलं. त्यात १८७९ सालच्या युद्धापासून सुरुवात केली. मेमरीचा उल्लेख राहून गेला. त्या बिचाऱ्यानं "माफ करा, सेन्योरा" एवढंच लिहिलं, आणि त्याचा सल्ला मी बाजूला ठेवला. देशाचा प्रश्न होता.

मग मी कोंपाद्रेंना बोलावलं. धर्मपित्याचं कर्तव्यच ते. ते आले, चहाबरोबर खायला मार्राकेता पाव घेऊन आले, खुर्ची ओढून बसले, आणि मी आकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एक पॉइंट पस्तीस काय?"

"व्होल्ट."

"कोमाद्रे," ते म्हणाले, "माझ्या दारावरची घंटा बारा व्होल्ट खाते. आणि माझ्या धर्मपुत्राला तुम्ही दीडही देत नाही?"

मी सांगितलं की याला एवढाच चालतो, जास्त दिला तर तापतो, जळतो. त्यांना ते पटेना. जन्मभर दोनशेवीस व्होल्टांच्या मोटारी हाताळलेल्या माणसाला हा आकडा म्हणजे अपमान वाटला. शेवटी तडजोड १.३८ वर झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा स्क्रीन. मग १.४०. मग त्यांनी कुठून तरी शोधून काढलं की नुसत्या मेमरीला वाढून भागत नाही, प्रोसेसरचा जो भाग मेमरीशी बोलतो त्याचा व्होल्टेज वेगळा असतो. "बघा! बायकोला वाढताय आणि नवऱ्याला उपाशी ठेवताय, मग घर चालणार कसं?" असं म्हणून त्यांनी तोही वाढवायला लावला. त्यानंतर तर कॉम्प्युटर सुरूच होईना. नुसता पंखा फिरे आणि स्क्रीन काळा. लेओ, एव्हारिस्तोचा सगळा आवाज त्याच्या आत, आणि टेपा चावून झालेल्या.

त्यावर उपाय असा, की आतली बटणाएवढी बॅटरी काढून थोडा वेळ थांबायचं. मग ते यंत्र आपण सांगितलेलं सगळं विसरतं आणि पहिल्यापासून सुरुवात करतं. आम्ही बॅटरी काढून बशीत ठेवली आणि समोरासमोर बसून वाट पाहिली. कोंपाद्रे हळूच म्हणाले, "माणसाला अशी बॅटरी असती, तर तुम्ही काढली असती का, कोमाद्रे?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मीपण नाही." मग आम्ही बॅटरी परत घातली आणि तो सुरू झाला. मी रडले असं काही नाही; कांदा चिरायचा होता.

तापाचाही त्रास होताच. पुस्तकात लिहिलेलं तापमान समुद्राकाठच्या लोकांचं. इथे एवढ्या उंचीवर पंखा फिरतो पोटभर, पण ढकलायला हवा कुठे आहे? बटाटा शिजायला जिथे अर्धी दुपार जाते तिथे मेमरी काय गार होणार. कोंपाद्रेंनी दुकानातला मोठा पंखा आणून लावला. त्यानं माझी फळीवरची सेंट रीटा दोनदा पाडली, पण ताप उतरला. आकडेही आम्ही पुन्हा चढवले, कोसळणं मात्र थांबेना.

आणि गंमत ही, की कोसळायचा तो नेहमी एकाच ठिकाणी. कोंपाद्रेंच्या पुतणीच्या लग्नात. ब्रास बँड इतका दणदणीत की एव्हारिस्तोचा आवाज त्याखाली गाडला गेलेला. तो बँड बाजूला गाळून आवाज वर काढायचा म्हटलं की कॉम्प्युटरला भरपूर मेमरी लागे आणि तिथेच तो मान टाके. चित्रात मी नाचते आहे, आणि माझ्याबरोबर नाचताहेत देमेत्रियो. (यात काही नव्हतं. माझा नवरा कायम कॅमेऱ्यामागे; कुठल्याही समारंभात मी उसन्या माणसाबरोबरच नाचायची.) एव्हारिस्तो म्हणतो, "देमेत्रियो, हळू नाचव तिला, ती जर पडली..." आणि निळा स्क्रीन. प्रत्येक वेळी इथेच. मी अंधश्रद्धाळू नाही, कोकाची पानं मी भविष्य सांगणारीकडून फक्त दोनदा वाचून घेतली. पानं म्हणाली, काहीतरी अडकलं आहे. मी म्हटलं, ते मलाही माहीत आहे, त्यासाठी पैसे कशाला घेता?

शेवटी गेल्या आठवड्यात सोमवारी मी हट्ट सोडला आणि त्या चिलीच्या माणसानं सांगितलं होतं तेच केलं. पट्ट्या बसतात त्या दोन खाचांपैकी पहिलीतली पट्टी काढली, दुसरीवर चालवलं, कोसळलं. दोघींच्या जागा बदलल्या, तरी कोसळलं. पण दोघींपैकी कुठलीही एकटी पहिल्या खाचेत ठेवली की कॉम्प्युटर शांत. म्हणजे पट्ट्या निर्दोष, व्होल्टेज निर्दोष, दुसरी खाच दोषी. मंगळवारी दुपारी कोंपाद्रेंनी विजेरी धरली आणि मी भिंग. भरतकामाला लावतात ते. खाचेच्या तळाशी, सोन्याच्या दातांमध्ये, सिंगानीनं चिकटलेली एक गुलाबी टिकली बसली होती. कागदाची. मसुराच्या डाळीएवढी.

मग कोंपाद्रे विजेरी विझवून म्हणाले, "पाचामामानं तिचा वाटा घेतला, कोमाद्रे. आपण तिला चुकीच्या ताटात वाढलं."

मी औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून, भरतकामाच्या चिमट्यानं ती टिकली सोडवली. (मदर गर्ट्रूडिसनी वीज शिकवली नाही, पण हात स्थिर ठेवायला शिकवला. देव त्यांचं भलं करो.) दोन्ही पट्ट्या बसवल्या. सगळे वाढवलेले आकडे खाली आणून पुन्हा १.३५ केला. म्हणजे चिलीचा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर होता. हे फक्त तुला लिहिते आहे. सुक्रेच्या बाहेर जाऊ देऊ नकोस.

मग ते लग्न लावलं. बँड गळून पडला, हळूहळू, जसा चहाचा गाळ खाली बसतो. आणि एव्हारिस्तो बोलला, अगदी कानाशी:

"देमेत्रियो, हळू नाचव तिला, ती जर पडली, तर कॅमेरा खाली ठेवून मी काही धावणार नाही. तेव्हा तूच धर."

एवढंच. मग बँड पुन्हा आला आणि चित्रातली मी गोल फिरले. लेओ, इतकी वर्षं झाली, बँडच्या दणदणाटात ते मला ऐकूच आलं नव्हतं. देमेत्रियोंना आलं होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी चहा गरम करायला उठले. परत आले तेव्हा ते स्क्रीनकडे बघून म्हणाले, "एक पॉइंट पस्तीसवर छान चालतोय तो." मी म्हटलं, "हो, छान चालतोय." चहा दोघांनीही घेतला नाही.

तर अशी कथा. फिल्म तयार होईल, शनिवारी लागेल, आणि माझी इच्छा आहे की माझ्या खांद्यावरचं काळं तुझ्या हातांनी उतरावं. मदर सुपीरिअरना सांग, शाळेतल्या मैत्रिणीचं काम आहे. रात्रीच्या बसनं नको, गुडघे आखडतील, विमानानं ये. येताना सुक्रेचं चॉकलेट आण, मुलांसाठी. (मुलं नाहीत, मी आहे.) मठातल्या सगळ्यांना नमस्कार, तुला मिठी, आणि पत्र वाचून झाल्यावर ते कोणत्याही भक्तिग्रंथात ठेवू नकोस, कुणी उघडेल.

तुझीच,
ओतिलिया

ता. क. एक विचारायचं होतं, विसरतच होते. तू इतकी वर्षं आर्चबिशपांच्या कचेरीत लग्नांच्या अडचणींची कागदपत्रं पाहतेस, तेव्हा तुला नक्की माहीत असेल. आपल्याकडे कोंपाद्रे आणि कोमाद्रे यांनी लग्न करणं पाप मानतात, ते भावाबहिणीसारखे, त्यांच्यावर वीज पडते, वगैरे. ते मला पाठ आहे. प्रश्न असा, की नातं मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे नसून समजा एखाद्या यंत्रामुळे जुळलेलं असलं, आणि पाद्रीबाबांनी पाणीही दुरूनच आणि थोडंच शिंपडलेलं असलं, तर ते नातं धरतात का? ईस्टरनंतर चर्चमध्ये लग्नं पुन्हा सुरू व्हायच्या आधी हे कळलं तर बरं होईल, असं ती बाई म्हणते. माझ्या ओळखीची आहे एक. शनिवारच्या आत कळव.

ता. क. २. वरच्या सगळ्यावरून तुझा समज झाला असेल की कॉम्प्युटरची काळजी संपली. संपली नाही. तो रोज चहाच्या वेळेला कोसळतो आणि कोंपाद्रेंना वर यावं लागतं. कारण टिकली नव्हे. रोज जेवण झालं की मीच निळ्या पानावर जाऊन मेमरीचा व्होल्टेज थोडा कमी करून ठेवते. अगदी थोडा. फिल्मला धोका नाही, तिची प्रत मी काढून ठेवली आहे. हे पाप कोणत्या सदरात बसतं ते तूच ठरव, इथल्या पाद्रीबाबांना मी सांगणार नाही, कारण त्यांना यंत्रांतलं कळतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून आजचं लिहिते. आज दुपारी कोंपाद्रे आले, खुर्ची ओढली आणि थेट तो आकडा उघडला. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी पडदा सारखा करत होते. त्यांनी आकडा वाढवला नाही, लेओ. आणखी थोडा खाली आणला, स्क्रीन बंद केला, मार्राकेता मोडून अर्धी माझ्या बशीत ठेवली आणि म्हणाले, "आज काही जमेल असं दिसत नाही, कोमाद्रे. उद्या पुन्हा बघू."